इंग्रजीचा आघात आणि आमची लाज

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली ह्या भागांतून पायी फिरणाऱ्यास यंत्रमागांच्या खडखडाटाबरोबर आणखी एका धंद्याची जाणीव झाल्यावाचून राहत नाही, आणि तो म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या वर्गांचा. विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, चहाच्या टपऱ्यांवर त्यांच्या पाट्या लटकत असतात. ह्या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून नांदत आहेत. बाप मागावर किंवा कापडबाजारात, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी, आणि मुले पुष्कळदा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत. ही समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. ही गोष्ट सुरतेला भूषणावह आहे आणि सुरतेबाहेर तिची दखल घेतली जात नाही, हे जाता जाता नमूद करतो.

ह्या मुलांस इंग्रजी यावे ह्याविषयी आमचा काडीमात्र वाद नाही. आमचा वाद आहे तो एका नव्या मालाविषयी. हे वर्ग पूर्वी व्याकरण विकीत, पुढे शब्दसंग्रह विकू लागले. अलीकडे ते ‘लय’ विकू लागले आहेत. तुमचे व्याकरण बरोबर असेल, शब्दही बरोबर असतील, तरी तुमच्या बोलण्याचा ताल भारतीय आहे आणि तोवर तुमचे इंग्रजी हे इंग्रजीच नव्हे, असे विद्यार्थ्यास पहिल्या दिवशी सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी हप्ता भरावा लागतो.

आमच्या कार्यालयात वकिलीची उमेदवारी करणारी लिंबायतची एक मुलगी अशाच एका वर्गात गेली. गुजरात उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेथे उभे राहण्याची तिची महत्त्वाकांक्षा; ती रास्तच होती. तिचे इंग्रजी स्वच्छ होते. एकेक अक्षर सुटे, एकेक शब्द पूर्ण. वर्गातील गुरुजींनी टेबलावर पेन्सिल आपटून तिला सांगितले की, तुझे बोलणे म्हणजे मशीनगन आहे. ठोके मोज, आणि ठोक्यांच्या मधले लहान शब्द खाऊन टाक. तीन आठवड्यांनी तिने आम्हास एक हुकूमनामा वाचून दाखविला. तीत ‘शॅल नॉट’ होते, त्यातील ‘नॉट’ तिने खाल्ला. आम्ही मूळ कागद मागून घेतला. ती म्हणाली, “सर, बोलायच्या आधी मी मनात ठोके मोजते, आणि मोजता मोजता काय बोलायचे तेच विसरते.” ज्या कायद्यात एका नकारावर माणसाचे घर राहते किंवा जाते, त्या कायद्याच्या विद्यार्थिनीस नकार गिळावयास शिकविणारी ही विद्या कोठून आली, हे पाहणे आम्हास भाग पडले.

तिचा पूर्वपक्ष असा आहे. आर्थर लॉइड जेम्स ह्या वेल्श ध्वनिशास्त्रज्ञाने १९४० साली दूरध्वनीवरील बोलण्याविषयी लिहिताना काही भाषांच्या चालीस मशीनगनची आणि इंग्रजीच्या चालीस तारयंत्राच्या मोर्स संदेशाची उपमा दिली. मशीनगनमध्ये प्रत्येक गोळी सारख्या अंतराने सुटते. मोर्समध्ये लांब आणि आखूड यांची सरमिसळ असते. पुढे अमेरिकेत केनेथ पाइक यांनी १९४५ साली ह्या दोन प्रकारांस शास्त्रीय नावे दिली. एका गटातील भाषांत अक्षरे समान कालांतराने येतात, दुसऱ्या गटातील भाषांत आघात समान कालांतराने येतात आणि मधली अक्षरे त्या अवकाशात चेपून बसविली जातात. एडिनबरोचे डेव्हिड ॲबरक्रॉम्बी १९६७ साली ह्याच्याही पुढे गेले. जगातील प्रत्येक भाषा ह्या दोहोंपैकी एका खणात बसते असे त्यांनी सांगून टाकले, आणि आपल्या शेजारची तेलुगू फ्रेंच व योरुबा यांच्यासह पहिल्या खणात टाकली. उपमा म्हणून हे सारे सुरेख आहे. परंतु उपमेस प्रमाण मानले की काय होते, हे न्यायालयात रोज पाहावयास मिळते.

पीटर रोच यांनी १९८२ साली ॲबरक्रॉम्बींच्याच सहा भाषा घेतल्या, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि अंतरे प्रत्यक्ष मोजली. इंग्रजीतील दोन आघातांमधील काळ इतर भाषांतल्यापेक्षा अधिक समान असल्याचे काही आढळेना. पुढच्याच वर्षी रिबेका डॉअर यांनी इंग्रजी, थाई, स्पॅनिश, इटालियन व ग्रीक यांचा ताळा घेतला, निष्कर्ष तोच. आघातांमधील अक्षरे वाढली की इंग्रजीतही काळ वाढतो. घड्याळाप्रमाणे पडणारे ते ठोके, ज्यांच्यासाठी आमची उमेदवार मुलगी पेन्सिल आपटीत होती, ते खुद्द इंग्रजाच्या तोंडी नसतात. भाषांच्या चालीत फरक नाही असे आम्ही म्हणत नाही. १९९९ नंतर स्वर-व्यंजनांच्या काळाची मोजमापे करून त्या फरकाचे स्वरूप पुष्कळ उलगडले गेले आहे. परंतु तो फरक दोन खणांचा नसून उताराचा आहे, आणि तो घड्याळातून उत्पन्न होत नाही, तर एखाद्या भाषेत जोडाक्षरे किती, स्वर किती क्षीण होतात, आघात किती जोरकस असतो, ह्यांतून उत्पन्न होतो. म्हणजे जी गोष्ट परिणाम आहे, तीच कारण म्हणून शिकविली जात आहे.

आमची मराठी-कोंकणी तरी त्या पहिल्या खणात कोठे नीट बसते? ज्याने लहानपणी आरतीत टाळ धरला आहे त्यास कोणी लघु-गुरू शिकवावे लागत नाही. लघूला एक मात्रा, गुरूला दोन. टाळ मात्रेवर पडतो, अक्षरावर नव्हे. बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त ह्या मात्रांचा केवढा मोठा संसार मांडला आहे! ज्या समाजाचा कान अक्षरांचे वजन तोलण्यात इतका मुरलेला आहे, त्यास ‘तुम्ही सगळी अक्षरे सारखीच झोडता’ असे म्हणणे म्हणजे सराफास ‘तुला सोने आणि पितळ सारखेच’ असे म्हणणे होय.

आणि स्वर गिळण्याची ती कला! इंग्रजीत आघातहीन अक्षरांतील स्वर क्षीण होऊन जो एक अस्पष्ट ध्वनी उरतो, तो ह्या वर्गांत परदेशी अत्तराप्रमाणे थेंब थेंब विकला जातो. वाचकहो, तो ध्वनी म्हणजे आपला ‘अ’ किंवा त्याचा सख्खा भाऊ. वर्णमालेतील पहिले अक्षर. आपण तो केवळ उच्चारीतच नाही, तर गिळतोही: लिहितो ‘करतो’, म्हणतो ‘कर्तो’; लिहितो ‘राम’, म्हणतो ‘राम्’. तोच गृहस्थ सोवळे नेसून संकल्प सांगू लागला की त्याच ‘अ’चा प्रत्येक ठिकाणी स्पष्ट उच्चार करतो, आणि देवघरातून बाहेर येऊन भाजीवाल्याशी बोलताना तो पुन्हा गिळतो. एका जिभेवर दोन चाली, आणि त्या दोहोंमधील उंबरा ओलांडताना त्यास विचारही करावा लागत नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी तर कोंकणी, आरतीत मराठी, पेढीवर गुजराती आणि बँकेत इंग्रजी अशा चार चाली एका दिवसात होतात. गोव्यातील एखाद्या देवस्थानाच्या अग्रशाळेत फोंड्याचा, कारवारचा आणि मंगळूरचा असे तिघे एका पंगतीस बसले तर कोंकणीच्या तीन चाली ऐकू येतात. थोडी थट्टा होते, परंतु कोणी उपाशी उठत नाही. अशा लोकांस ‘तुमच्या कानाला लय नाही’ असे सांगून पैसे घेणे, ह्यास आमच्या व्यवसायात वेगळा शब्द आहे.

आता प्रतिपक्षाचा जो भाग खरा आहे तो आम्ही लपवू इच्छीत नाही. साक्षीदाराने अर्धे सांगू नये. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीचा आपला अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. भारतीय वक्त्यांचे सलग बोलणे ब्रिटिश श्रोत्यांस सरासरीने सुमारे ७० टक्केच समजले, आणि गोंधळाच्या प्रमुख कारणांत शब्दातील चुकीच्या जागी पडलेला आघात होता. ह्याचे मर्म पुढे १९८८ मध्ये ॲन कटलर व डेनिस नॉरिस यांच्या प्रयोगांनी दाखविले. इंग्रजीच ज्याची मातृभाषा आहे असा श्रोता बोलण्याच्या प्रवाहात जोरदार अक्षर ऐकताच तेथे नवा शब्द सुरू झाला असे धरून चालतो. आघात भलत्या अक्षरावर पडला की त्याचे दार भलत्या ठिकाणी उघडते, आणि मग तो आपल्या तोंडाकडे पाहत राहतो.

आणि आपला आघात भलत्या अक्षरावर पडतो तो का? आपला कान गुरू अक्षर शोधतो म्हणून. ‘मिनिस्टर’ ह्या शब्दात ‘मि’ लघू, ‘नि’ पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू. आपण साहजिकच वजन ‘नि’वर टाकतो. इंग्रज ते ‘मि’वर टाकतो. ‘कॅलेंडर’मध्ये आपण ‘लें’वर बसतो, तो ‘कॅ’वर. ह्यात आपली जीभ जड आहे असे काही नसून आपण आपले शास्त्र परक्या शब्दास लावले, एवढेच आहे. वकिलांस तर ह्याची झळ रोज लागते. ‘कन्व्हिक्ट’ ह्या शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असेल तर तो शिक्षा झालेला कैदी, दुसऱ्यावर असेल तर दोषी ठरविण्याची क्रिया. ‘कॉन्ट्रॅक्ट’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर करार, दुसऱ्यावर दिला तर आकुंचन पावणे. देवनागरीत ह्या जोड्या अक्षरशः एकसारख्या दिसतात.

ही गोष्ट आपल्या लोकांस नवी वाटावी हेच आश्चर्य. त्वष्ट्याची कथा पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सांगितली आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने हवन केले. परंतु ‘इंद्रशत्रु’ ह्या समासाचा उदात्त स्वर अंती यावयाचा तो आदी आला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि ‘इंद्राचा मारणारा’ ह्याऐवजी ‘इंद्र ज्याचा मारणारा’ असा वृत्र उत्पन्न झाला. एका शब्दातील एका स्वराची जागा चुकली आणि यजमानाचाच घात झाला. ध्यानात घ्यावे की त्वष्ट्याच्या मंत्राची एकंदर चाल द्राविडी होती की महाराष्ट्री, ह्याची चौकशी भाष्यकार करीत नाही. आजही काशीचा, महाराष्ट्राचा आणि केरळचा वैदिक एकच ऋचा म्हणतील तर चालीत महदंतर असते. चाल प्रांताची, स्वर शब्दाचा. आम्हास जे म्हणावयाचे आहे ते नेमके एवढेच: शब्दातील आघाताची जागा आणि वाक्यातील कोणत्या शब्दावर भर द्यावयाचा तो विवेक, ह्या दोन गोष्टी अर्थाच्या आहेत, त्या शिकल्याच पाहिजेत, बाकीची लय आपल्या घरची आहे, ती राहू द्यावी.

जेनिफर जेंकिन्स ह्या इंग्रज विदुषीनेही २००० साली, परस्परभाषक लोक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यास काय लागते ह्याचा शोध घेऊन, वाक्यातील मुख्य आघातास आवश्यक ठरविले आणि आघातांच्या समान कालांतरास व स्वर गिळण्यास यादीतून वगळले. शब्दातील आघातालाही त्या फारसे महत्त्व देत नाहीत; तेथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही, कारण आमच्या पक्षकारांस इंग्रज आणि अमेरिकन माणसाशीही बोलावे लागते. तथापि श्रोता कोण, हा त्यांचा प्रश्न मात्र सुरतेस चपखल लागू पडतो. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोद येथे ज्या प्रचंड हिरे बाजाराचे उद्‌घाटन झाले, त्यातील चार हजारांवर कचेऱ्यांसाठी गिऱ्हाईक येणार ते अँटवर्पहून, तेल अवीवहून, दुबईहून, हाँगकाँगहून. त्यांपैकी कितीजणांची मातृभाषा इंग्रजी? फ्लेमिश माणसाने आणि काठियावाडी माणसाने एका तिसऱ्याच्या भाषेत हिऱ्याचा भाव ठरवावा आणि त्यासाठी दोघांनीही लंडनच्या एका उपनगराची लय उसनी आणावी, ही कल्पना ज्यास हास्यास्पद वाटत नाही त्याची विनोदबुद्धी आम्ही तपासून घेऊ इच्छितो.

सुरतेचा इतिहास ह्या बाबतीत बोलका आहे. १६०८ साली विल्यम हॉकिन्स सुरतेस उतरला आणि पुढे जहांगीरच्या दरबारी गेला, तेव्हा तो बादशहाशी तुर्की बोलला. ती कोणत्या लयीत बोलला ह्याची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. त्याच्या मागून आलेल्या इंग्रजांनी सुरतेच्या वखारीत दीडशे वर्षे व्यापार केला तो पोर्तुगीजचे तुकडे आणि देशी दलाल यांच्या आधारे; भरूचचे त्यांनी ‘ब्रोच’ केले, पहिला स्वर गडप केला, आणि ते नाव नकाशावर छापले. त्यांस त्याची लाज वाटली नाही.

१८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे ह्याच सुरतेत इंग्रजी शाळेवर होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी येथे मानवधर्म सभा काढली. त्या पिढीने इंग्रजी घेतली ती विचारासाठी. आणि २७ डिसेंबर १९०७ रोजी सुरतेच्या राष्ट्रसभेत रासबिहारी घोष अध्यक्षस्थानी असता लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले, दक्षिणी घाटाचा एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांस चाटून गेला आणि सभा उधळली. त्या मंडपात बंगाली, पारशी, मराठी अशा किती चालींचे इंग्रजी झाले असेल! कोणाचे म्हणणे काय आहे हे त्या दिवशी सर्वांस नको तितके स्पष्ट कळले होते.

आम्हास कोणी म्हणेल की, वर्गवाल्यांस दोष का देता, परीक्षाच तसे मागते. हे अंशतः खरे आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या हजारो गुजराती व मराठी तरुणांस जी आयईएलटीएस परीक्षा द्यावी लागते, तिच्या तोंडी भागाचे चार समान वाटे आहेत आणि त्यांतील एक उच्चाराचा. त्या वाट्याच्या प्रसिद्ध निकषांत, नऊपैकी सहाव्या पायरीच्या वर्णनात, आघाताधिष्ठित कालमानाचा अभाव हे लयीचे वैगुण्य म्हणून नावानिशी नोंदविलेले आहे. ज्या सिद्धान्ताचा मूळ पुरावा १९८२-८३ सालीच मोडीत निघाला तो चाळीस वर्षांनंतरही परीक्षकाच्या हातातील कागदावर जिवंत आहे, ह्याचे उत्तर ती परीक्षा घेणाऱ्यांनी द्यावे. परंतु त्याच निकषांत श्रोत्यास समजणे हे पायरी-पायरीला सांगितलेले आहे, आणि पेन्सिल आपटून शिकविलेली लय समजणे कमी करते, वाढवीत नाही. तेव्हा परीक्षेच्या आड लपण्याचीही सोय ह्या मंडळींस नाही.

खरे दुखणे निराळेच आहे. आपण इंग्रजी कानाने शिकलो नाही, डोळ्याने शिकलो. पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. तिचे उपकार मोठे, परंतु ती पाठमाला मुकी होती. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार दिले आहेत, त्यांत गाऊन म्हणणारा, घाई करणारा, डोके हलविणारा यांच्याबरोबर लिहिलेले पाहून म्हणणाराही आहे. आपण तो चौथा. ऋग्वेदाची छापील संहिता कोणीही उघडावी. अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दाचा स्वर आपण असा सांभाळला, आणि मुलास उद्या ज्या शब्दाने पोट भरावयाचे आहे तो मात्र आमच्या पाहण्यातील शालेय पुस्तकांत बोडका छापलेला असतो. कोशांत आघाताची खूण असते, परंतु ती काय आहे हे वर्गात कोणी सांगत नाही.

म्हणून आमची मागणी अगदी साधी आणि बिनखर्चाची आहे. सुरतेच्या मराठी शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांनी धड्याच्या आरंभीच्या नव्या शब्दांवर आघाताची उभी रेघ फळ्यावर काढावी, आणि शब्द संथा देतात तसा म्हणवून घ्यावा: गुरूने एकदा, शिष्यांनी दोनदा, रेघेच्या अक्षरावर हात वर. पाठशाळेत हाताच्या वा मानेच्या हालचालीने स्वर बसवितात, तोच उपाय. देवस्थानांच्या मंडळांनी सुट्टीतील बालवर्गांत, जेथे स्तोत्रे शिकविली जातातच, तेथे अर्धा तास ह्यास द्यावा. शंभर-दोनशे शब्दांचा, आघातासह छापलेला, एक कागद आम्ही काही वकील मित्र तयार करीत आहोत: बँकेतले, इस्पितळातले, न्यायालयातले, नोकरीच्या मुलाखतीतले शब्द. ‘मिनिस्टर’ आणि ‘कॅलेंडर’ त्यात आहेत, ‘सर्टिफिकेट’ आहे, ‘कन्व्हिक्ट’ दोनदा आहे.

‘हॉटेल’ त्यात नाही. इंग्रज त्याचा आघात दुसऱ्या अक्षरावर देतो हे आम्हास ठाऊक आहे. परंतु तो शब्द आता मराठी व कोंकणी झाला आहे, आणि त्याच्यावर आघात कोठे द्यावा हे ठरविण्याचा अधिकार हॉटेलात मिसळ मागविणाऱ्याचा आहे.